वाचकाच्या घरीं जाणारें पत्र

नागपूरच्या गांधीबागेंत ठोक कापडाची पेठ आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील किरकोळ दुकानदार आणि लगतच्या मध्यप्रदेश व छत्तीसगडांतील व्यापारी येथें माल घेण्यास येतात. या पेठेंतील जाणता व्यापारी गिऱ्हाइकांचे दोन वर्ग करतो. एक रस्त्यानें जातां जातां आंत शिरणारें, आणि दुसरें, वहींत ज्याचें खातें आहे असें. पहिलें आज येतें, उद्यां शेजारच्या दुकानाची पायरी चढतें, आणि त्याचा कोणास राग येत नाहीं. दुसऱ्याच्या गांवचा बाजार कोणत्या वारीं भरतो, लग्नसराईंत त्याच्याकडे कोणतें वाण खपतें, कोणतें पडून राहतें, हें सर्व व्यापाऱ्याला ठाऊक असतें. नवा माल आला कीं तो त्याला कळवितो. पूर्वीं कार्ड लिहून कळवी, आतां फोनवर चार ओळी पाठवून कळवितो. दुकान चालतें तें या दुसऱ्या गिऱ्हाइकावर, हें मुनिमाला शाळेंत न शिकतांहि समजलेलें असतें.

लेखन करणाऱ्यांना मात्र ही गोष्ट बहुधा उशिरां समजते. लेख चांगला उतरला म्हणजे वाचक आपोआप मिळेल, अशी त्यांची निष्ठा असते. ती निष्ठा खोटी नाहीं, पण अपुरी आहे. चांगला लेख रस्त्यानें जाणाऱ्याला क्षणभर थांबवितो. पुढच्या महिन्यांत तोच मनुष्य पुन्हां येईल, याची हमी तो देत नाहीं. त्यासाठीं लेखकाला वाचकाचें नांव व पत्ता माहीत असावा लागतो, पत्र पाठविण्यास वाचकाची संमति असावी लागते, आणि ठरलेल्या दिवशीं कांहीं तरी घेऊन त्याच्या दाराशीं जावें लागतें. नियमित पत्रानें वाचकवर्ग कसा जमतो व कसा टिकतो, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ व्यवहाराचा दिसतो. परंतु मराठींत आजवर किती मासिकें निघालीं आणि त्यांतील किती अल्पायुषी ठरलीं हें आठवलें, म्हणजे आपल्या भाषेच्या संसाराशींच त्याचा संबंध आहे, हें ध्यानांत येतें.

या व्यवहाराचा पाया आपल्याकडे टपालखात्यानें घातला. १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धति सुरू झाली. १ जुलै १८७९ रोजीं पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें. आणि १८८० सालीं मनिऑर्डरीचें काम टपालखात्याकडे आलें. अवघ्या तीन वर्षांत या तिन्ही सोयी झाल्यामुळें लहानशा गांवांतील शिक्षकालाहि एका पैशाच्या कार्डानें मासिकाची मागणी नोंदवितां येऊं लागली, आणि पुण्यामुंबईच्या संपादकाला वर्गणी घरबसल्या मिळूं लागली. छापखान्यानें मजकुराच्या प्रती काढल्या खऱ्या. परंतु कोणत्या प्रतीला कोणतें घर, याची गांठ टपालानें घालून दिली.

या गांठीची परीक्षा वर्षाच्या शेवटीं होई. शेवटच्या अंकांत संपादकाची एक सूचना ठरलेलीच असे: पुढील वर्षाची वर्गणी मनिऑर्डरीनें पाठवावी, न आल्यास नव्या वर्षाचा अंक व्ही. पी. नें रवाना होईल. ती कृपा करून परत करूं नये. अंक निघे, पोस्टमन दाराशीं येई, आणि गृहस्थ पैसे मोजून अंक घेई किंवा "नको" म्हणून परत पाठवी. परत आलेल्या प्रत्येक व्ही. पी. बरोबर जाण्याचा टपालखर्च बुडे, आणि वेष्टनांत मळलेला अंक पुन्हां विकण्याजोगा राहत नसे. पण खरें दुःख निराळेंच होतें. बारा महिने ज्यानें अंक ठेवून घेतले, त्यानें ते वाचले किंवा नाहींत, आवडले किंवा नाहींत, हें एका शब्दानें न कळवितां वाचक निघून जाई. पोस्टमननें परत आणलेल्या गठ्ठ्यावरून संपादकाला समजे कीं, आपण ज्याला वाचकवर्ग म्हणत होतों, ती कांहीं अंशीं नुसती नांवांची यादी होती.

यादीचें वाचकवर्गांत रूपांतर कशानें होतें, याचीं उदाहरणें मराठींतच आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' सुरू केली. सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले, आणि त्यांतील बहुतेक सर्व मजकूर एकट्या शास्त्रीबोवांच्या लेखणींतून उतरलेला होता. वर्तमानपत्रांतील बातम्या किंवा मासिकांतील नानाविध करमणूक तिच्यांत नव्हती. वाचकाच्या घरीं जात होती ती एका मनुष्याची विचार करण्याची रीत. भाषा, इतिहास, काव्य, देशस्थिति या विषयांवर हा मनुष्य पुढें काय म्हणतो, याची उत्कंठा हेंच तिचें भांडवल. पुढें १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल निघालें, १८८१ सालीं 'केसरी' निघाला. त्या दोन्ही कार्यांत विष्णुशास्त्री अग्रभागीं होते. या नव्या उद्योगांना आरंभींच जो कान मिळाला, तो घडविण्यांत 'माले'चा वांटा मोठा होता. ज्या वाचकाशीं सात वर्षें बोलणें चालू आहे, त्याच्यापुढें नवीन गोष्ट मांडतांना प्रथम ओळख करून द्यावी लागत नाहीं.

दुसरें उदाहरण अधिक बोधप्रद आहे, कारण तें एका कारखान्याचें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडल स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगर हा त्यांचा मुख्य माल. लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें आरंभीं हे नांगर खपेनात, असें सांगतात. अशा मालाला नुसती जाहिरात पुरत नाहीं. जाहिरात 'घ्या' म्हणते, आणि शंका असलेला मनुष्य 'घ्या' या शब्दानेंच मागें सरतो. त्याची शंका हळूहळू, घरच्या माणसानें काढावी तशी, काढावी लागते.

या कारखान्यांतून १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' हें पत्र निघूं लागलें. त्याचे संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर. ते शिक्षणानें चित्रकार होते, आणि कारखान्याच्या जाहिरातीचें काम त्यांच्याकडे होतें. 'खबर' हें नांवच त्याचा मूळ हेतु सांगतें. कारखान्यांत काय चाललें आहे, कोणता माल तयार होत आहे, हें गिऱ्हाइकांना व माल विकणाऱ्यांना कळावें, एवढाच तो हेतु होता. कोणताहि व्यापारी एवढ्यावर थांबला असता. शंकरराव थांबले नाहींत. कारखान्याची बातमी वाचण्यास मनुष्य एकदां येईल, दोनदां येईल. तिसऱ्या वेळीं त्याला स्वतःच्या उपयोगाचें कांहीं हवें असतें, हें त्यांनीं ओळखलें. मग त्या पानांत उद्योगधंद्याच्या गोष्टी आल्या, स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या माणसांचीं चरित्रें आलीं, सामाजिक सुधारणेचे वाद आले, व्यंगचित्रें आलीं. कालांतरानें 'खबर' हा शब्द गळाला आणि 'किर्लोस्कर' हें मासिक महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय घरांत नियमानें जाऊं लागलें. १९३० नंतरच्या दशकांत सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यांत प्रसिद्ध होऊं लागले, आणि ज्या घरांत नांगराचा संबंध कधीं येणार नव्हता, तेथेंहि किर्लोस्करवाडीचें नांव आदरानें घेतलें जाऊं लागलें.

हा प्रकार केवळ आपल्याच देशांत घडला असें नाहीं. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत डीअर नांवाचा नांगरांचा प्रसिद्ध कारखाना आहे. त्यानें १८९५ सालीं शेतकऱ्यांसाठीं 'द फरो', म्हणजे नांगराचें 'तास', या नांवाचें पत्र काढलें, आणि तें आजहि निघतें. त्यांत भर असतो तो शेतीचें उत्पन्न कसें वाढेल या विचारावर. दोन दूरच्या देशांतील दोन नांगरवाले एकाच युक्तीवर यावे, याचें कारण उघड आहे. शेतकरी पेरणीच्या आधीं एकदां नांगर घेतो. पण शेतीची चिंता त्याला बारा महिने असते. जो त्या बारा महिन्यांच्या चिंतेंत भागीदार होतो, त्याची आठवण नांगर घेण्याच्या दिवशींहि होते. लेखकानें यापासून घेण्याचा धडा असा कीं, आपल्या पत्रांत आपल्याच लेखांची दवंडी पिटण्यापेक्षां वाचकाच्या नित्याच्या चिंतेला हात घालावा.

वाचकवर्ग वाढला म्हणजे दुसरी अडचण येते. सर्वांना एकच पत्र पुरत नाहीं. किर्लोस्करांनीं १९३० सालीं 'स्त्री' आणि १९३४ सालीं 'मनोहर' काढलें. एकाच मासिकांत चार पानें स्त्रियांसाठीं राखून ठेवण्याची रीत सोपी होती; परंतु त्यांनीं स्त्रियांना स्वतंत्र दार उघडून दिलें, आणि त्या दारानें स्त्रिया वाचक म्हणून व लेखिका म्हणूनहि आल्या. विवाह, शिक्षण, अर्थार्जन या घरांत दबल्या आवाजांत बोलल्या जाणाऱ्या विषयांना तेथें उघड जागा मिळाली. गांधीबागेंतील व्यापारी लुगड्यांच्या दुकानदाराला सदऱ्यांच्या कापडाची खबर देत नाहीं. वाचक कोण आहे हें पाहून पत्र वेगळें करणें, हा त्याच शहाणपणाचा विस्तार होय.

परंतु पत्र एकाच दिशेनें जात राहिलें तर नातें लंगडें राहतें. नागपुरांत धरमपेठेंतून निघणाऱ्या 'उद्यम' मासिकानें शेती, बागाइती, घरगुती धंदे यांविषयीं उपयुक्त माहिती देण्याचें व्रत चालविलें, आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरें देण्याची प्रथाहि पाळली. अशा प्रश्नोत्तरांचें मोल दुहेरी असतें. प्रश्न विचारणाऱ्याला आपलें पत्र पोंचलें याचा आनंद होतो. आणि न विचारणाऱ्या शंभरांना आपल्याच मनांतील प्रश्नाचें उत्तर मिळतें. शिवाय पुढील अंकांत काय लिहावें, ही संपादकाची नेहमींची विवंचना वाचकच दूर करतो. ज्या पत्राला उलट पत्र येत नाहीं, त्याच्या लेखकानें मजकूर वाढविण्यापूर्वीं शेवटीं एक साधा प्रश्न विचारून पाहावा.

पत्राचा सूर कसा असावा, याचाहि एक धडा मराठींत आहे. साने गुरुजींनीं १५ ऑगस्ट १९४८ रोजीं 'साधना' साप्ताहिक सुरू केलें, आणि त्यांतून त्यांनीं आपली पुतणी सुधा हिला लिहिलेलीं पत्रें प्रसिद्ध केलीं. पत्रें एका मुलीला लिहिलेलीं होतीं; वाचलीं असंख्य घरांनीं. हजारों वाचकांना उद्देशून बोलूं लागलें कीं आवाज चढतो आणि शब्द पोकळ होतात. एका माणसाला उद्देशून लिहिलें म्हणजे खोटें बोलतां येत नाहीं, आणि मोठेपणाहि मिरवितां येत नाहीं. गुरुजी १९५० सालीं गेले. 'साधना' आजहि निघतें. संस्थापकाच्या मागें सात दशकांहून अधिक काळ एखादें साप्ताहिक टिकावें, यांत नंतरच्या संपादकांचे कष्ट आहेतच. पण पहिल्या दोन वर्षांत वाचकांशीं जडलेल्या घरोब्याचाहि त्यांत वांटा आहे.

आतां पोस्टमनची वाट पाहण्याचें कारण उरलेलें नाहीं. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन या अमेरिकन तंत्रज्ञानें एका गणकयंत्रावरून दुसऱ्यावर पत्र पाठवून दाखविलें, आणि आज ई-मेल हें सुशिक्षित घरांतील नित्याचें साधन झालें आहे. वेष्टन नाहीं, तिकीट नाहीं, व्ही. पी. परत येण्याचें भय नाहीं. कोणाहि लेखकाला आपली पत्रिका दहा माणसांना किंवा दहा हजारांना जवळजवळ सारख्याच श्रमानें धाडतां येते. साधन इतकें सोपें झाल्यामुळेंच त्याचा मोह मोठा आहे. १९७८ सालीं गणकयंत्रें विकणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थानें सुमारें ४०० लोकांना, त्यांपैकीं कोणीहि न मागतां, एकच जाहिरात ई-मेलनें पाठविली. कांहीं माल खपला असें सांगतात. परंतु लोक चिडले, आणि न मागितलेल्या टपालाच्या पुराची ती पहिली लाट म्हणून ही घटना आजवर ओळखली जाते.

म्हणून संमति ही या व्यवहाराची पहिली पायरी होय. व्यापारी मेळ्यांत मिळालेले पत्ते, ओळखीच्या मंडळीच्या फोनमधून उतरून घेतलेलीं नांवें, ही वाचकांची यादी नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्यें भारताच्या संसदेनें डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यांतील तत्त्व असें कीं, संमति मोकळ्या मनानें व पूर्ण माहितीनिशीं दिलेली असावी, आणि ती परत घेणें हें देण्याइतकेंच सोपें असावें. कायद्याचें कलम बाजूला ठेवलें तरी ही साधी सभ्यता आहे. ज्याला पत्र नको आहे, त्याला निरोप घेण्याचें दार प्रत्येक पत्राच्या तळाशीं दिसलें पाहिजे. दार लपविणारा लेखक वाचक राखीत नाहीं. तो केवळ त्याचा राग साठवितो.

दुसरी गोष्ट मोजणीची. ई-मेल उघडली कीं नाहीं, हें आंत लपविलेल्या एका सूक्ष्म चित्रावरून पाठविणाऱ्याला कळत असे, आणि त्या आंकड्यावर पुष्कळ लोक संतुष्ट राहत. २०२१ सालीं ॲपल कंपनीनें आपल्या टपालाच्या सोयींत अशी योजना केली कीं, वाचकानें पत्र पाहिलें नसलें तरी तें चित्र आपोआप उतरावें. तेव्हांपासून त्या आंकड्यावर पूर्वींइतका भरवसा ठेवतां येत नाहीं. जुन्या संपादकाला परत आलेल्या व्ही. पी. वरून जें उशिरां कळे, तें आजच्या लेखकाला आंकड्यांच्या गर्दींत कळतच नाहीं. त्यापेक्षां उलट आलेलीं दोन पत्रें, विचारलेला एक प्रश्न, दुसऱ्या कोणाला वाचावयास दिल्याची एक वार्ता, या खुणा अधिक सांगतात. दीर्घकाळ ज्यांच्याकडून कांहींच हालचाल नाहीं, त्यांना एकदां सरळ विचारावें कीं पत्र पाठवूं कीं थांबवूं. आणि उत्तर न आल्यास तें नांव यादींतून काढून टाकावें. पांच हजार मुक्या नांवांपेक्षां पांचशे बोलतीं घरें लेखकाच्या अधिक कामाचीं.

तिसरी गोष्ट मालकीची. आज पुष्कळ लेखक दुसऱ्याच्या ओसरीवर बसून बोलतात. मोठमोठ्या कंपन्यांनीं लोकांना जमण्यासाठीं जीं सार्वजनिक व्यासपीठें काढलीं आहेत, तेथें गर्दी तयार असते व प्रवेश फुकट असतो. परंतु कोणाचा शब्द कोणाच्या कानीं पडावा, हें तेथें ओसरीचा धनी ठरवितो. त्यानें उद्यां नियम बदलला तर हजारों अनुयायी असलेला लेखक एका रात्रींत मुका होतो. त्या गर्दींत बोलूं नये असें नाहीं. गांधीबागेंतील दुकानहि रस्त्यावरच असतें. पण रस्त्यावरून आलेल्याचें नांव, त्याची इच्छा असल्यास, आपल्या वहींत उतरून घ्यावें. चांगल्या लेखाच्या शेवटीं एवढेंच सांगावें: दर महिन्याच्या अमुक दिवशीं अमुक विषयावर एक पत्र येईल, हवें असल्यास पत्ता द्यावा. वचन जितकें लहान व नेमकें, तितकें तें पाळणें सोपें.

आणि अखेर सर्व भार येतो तो वचन पाळण्यावर. पहिले तीन महिने उत्साहानें आठवड्यास दोन पत्रें, मग एक, मग सणासुदीला क्षमायाचनेसह एक, आणि मग मौन, हा नव्या पत्रिकांचा नेहमींचा जीवनक्रम आहे. मासिक पत्र महिन्यांतून एकदांच यावें, पण यावें. वाचकाच्या दिनक्रमांत त्याची जागा ठरते ती गुणांइतकीच नियमितपणानें. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं १८९५ सालीं 'मनोरंजन' काढलें, आणि १९०९ सालीं मराठींतील पहिला दिवाळी अंक दिला. आज फराळाच्या ताटाबरोबर दिवाळी अंकाची वाट पाहणारीं घरें आहेत. शंभर वर्षांहून अधिक काळ, वर्षांतून एकदांच, पण ठरल्या वेळीं, अशा भेटीनें केवढी संवय जडते, याचें याहून मोठें प्रमाण मराठी माणसाला शोधावें लागणार नाहीं.

गांधीबागेंतील त्या व्यापाऱ्याला मासिकांचा इतिहास ठाऊक नसेल. पण त्यानें पाठविलेल्या चार ओळींत त्या इतिहासाचें सार असतें. तो ज्याला ओळखतो त्यालाच लिहितो. ज्याच्या उपयोगाचें आहे तेंच लिहितो. माल जसा आहे तसा सांगतो, कारण एकदां फसलेला दुकानदार दुसऱ्यांदां पायरी चढत नाहीं. आणि पलीकडून आलेल्या तक्रारीला त्याच दिवशीं उत्तर देतो. मराठींत लिहिणाऱ्यांची आज वाण नाहीं, आणि वाचणारेहि संपलेले नाहींत. उणीव आहे ती दोघांमधील या हिशेबी, प्रामाणिक ये-जा ची. ती ज्या लेखकानें सुरू ठेवली, त्याचें पत्र वाचकाच्या घरीं पाहुण्यासारखें थांबत नाहीं, तें घरच्यासारखें आंत जातें, आणि एखाद्या महिन्यांत आलें नाहीं तर घरांतून कोणी तरी विचारतें, "या वेळचें पत्र अजून कसें आलें नाहीं?"